चाकावरची कमान

मर्सिडीजची जी-वॅगन समोरून बघावी. काच जवळजवळ उभी, बॉनेट सपाट, इंडिकेटर पुढच्या फेंडरच्या डोक्यावर बसवलेले, दोन्ही कुशी सरळसोट. दिवे सोडले तर अंगावर कुठे गोलाई म्हणून नाही. त्या सपाट कुशीतून चाकांच्या जागी चार ठिकाणी कड बाहेर येते, चाकावरून वळते आणि खाली पुन्हा अंगात मिटते. गॅरेजातली मंडळी हिला फ्लेअर म्हणतात, गाडीच्या माहितीपत्रकात ती व्हील आर्च असते. मी कमानच म्हणतो.

जी-वॅगनच्या साध्या मॉडेलची रुंदी १९३१ मिलिमीटर आणि मर्सिडीजच्याच एएमजी विभागाच्या जी ६३ ची १९८४. दारं तीच, काचा त्याच, छप्पर तेच. मधले ५३ मिलिमीटर कमानींनी कमावलेले. दोन बाजूंत वाटले तर एकेकीच्या वाट्याला जेमतेम दीड बोट येतं. पण त्या दीड बोटाने गाडीची ढबच बदलते. साधी जी नुसती उभी असते, ६३ पाय रोवून उभी असते. लाखो रुपये घालून लोक गाडीला नवे बंपर, नवी जाळी, छपरावर दिव्यांची पट्टी लावतात आणि तरी गाडी होती तशीच दिसते. कमान बदलली की पन्नास पावलांवरून कळतं.

मला ही कमान मनापासून आवडते, कारण अंगावर चढवायच्या सगळ्या साजात खरंखुरं काम असलेली ही एकटीच. चाक चालतं तेव्हा ते रस्ताही उचलतं आणि मागे भिरकावतं. चिखल, खडी, पावसाचं पाणी, उन्हाने पातळ झालेलं डांबर. टायर अंगाबाहेर थोडासा जरी आला तरी हे सगळं आपल्याच दारावर आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर बसतं. युरोपात १९७८ पासून याचा लेखी नियम आहे. चाकाच्या मध्यातून उभी रेघ धरायची. तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या टप्प्यात टायरची पूर्ण रुंदी वरून झाकलेली असली पाहिजे. मागचा कोन मोठा, कारण टायर उडवतो ते मागे. कोकणातल्या घराची वळचण मातीच्या भिंतीसाठी जे करते, ते ही गाडीसाठी करते. चाक किती बाहेर आलं, यावर कमान किती बाहेर यायची ते ठरतं. आधी चाक, मग कमान. हा क्रम पाळलेला असेल तर ती देखणी दिसतेच, वेगळं काही करावं लागत नाही.

जी-वॅगनवर ती इतकी शोभते, त्यालाही कारण आहे. डाइमलर-बेंझ आणि ऑस्ट्रियाची श्टायर-डाइमलर-पुख यांनी १९७२ मध्ये करार केला आणि १९७९ मध्ये ग्राझ शहरात ही गाडी बनू लागली. लष्कर, जंगलखातं, खाणी असं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे होतं. पत्रे सपाट ठेवले, चौकट शिडीसारखी जाड ठेवली, आणि ग्राझजवळच्या शॉकल नावाच्या १४४५ मीटर उंचीच्या डोंगरावर तिला पिदडलं. आजही त्या डोंगरावरच्या साडेपाच किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीच्या दगडी वाटेवर जी-वॅगनची परीक्षा होते. अशा वाटेवर एक चाक खड्ड्यात लोंबतं, तेव्हा दुसरं वर उचललं जाऊन थेट कमानीच्या पोटात शिरतं. म्हणून तिला नुसती कड असून भागत नाही, आत पोट लागतं. बाहेरून बघणाऱ्याला हे पोट दिसत नाही. खाली बसून, मान वाकडी करून, टॉर्च मारून बघावं लागतं. कमानीची पारख तिथे होते.

२०१५ मध्ये मर्सिडीजनेच जी ५०० फोर बाय फोर स्क्वेअर्ड काढली. तिचे ॲक्सल वेगळ्या घडणीचे, त्यामुळे गाडी जमिनीपासून कितीतरी उंच गेली आणि चाकं दोन्हीकडे भरपूर बाहेर आली. तिच्यावरच्या कमानी कार्बन फायबरच्या, इतक्या रुंद की वर चहाचा कप ठेवावा. तरी त्या कुठेही आगाऊ वाटत नाहीत. चाकंच तेवढी बाहेर आहेत, त्यांनी करायचं काय!

बाजारातल्या कमानीचं कुळ मात्र शर्यतीतलं. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातल्या टूरिंग कारच्या शर्यतींत घरगुती गाड्यांना रुंद टायर लागू लागले. टायर बॉडीखाली झाकलेला हवा, असा नियम. मग मेकॅनिक लोक मूळ फेंडर कापायचे, वरून फायबरची रुंद कड बसवायचे आणि रिव्हेट ठोकून मोकळे व्हायचे. रिव्हेटची डोकी तशीच उघडी राहायची. झाकायला वेळ कोणाला होता! ती उघडी डोकी बघणाऱ्यांच्या मनात भरली. पुढे जपानात लिबर्टी वॉक या कंपनीने तोच नमुना उचलला, फेरारी-लॅम्बोर्गिनीसारख्या गाड्यांचे फेंडर कापून बोल्ट मारलेल्या कमानी बसवल्या आणि जगभर नाव केलं. त्या वेळेपर्यंत रस्त्यावरच्या उंच, महागड्या गाड्यांनाही ही हौस लागली होती.

या हौसेचं एक मोठं घराणं जर्मनीतल्या बोट्रोप गावात आहे. बोट्रोप म्हणजे रूर खोऱ्यातलं कोळशाचं गाव. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण, प्रोस्पर-हानिएल, तिथलीच. २१ डिसेंबर २०१८ रोजी ती बंद झाली आणि वर आणलेला शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला गेला. त्याच गावात १९७७ मध्ये बोडो बुशमान या तरुणाने ब्राबुस सुरू केली. मर्सिडीज घ्यायची, तिचं इंजिन, अंग आणि आतलं कातडं आपल्या मनासारखं करायचं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, हा तिचा धंदा. जी-वॅगनसाठी तिचा जो रुंद संच आहे, त्याचं नाव वाइडस्टार. त्याने गाडी सुमारे १० सेंटीमीटरने रुंदावते आणि खाली २३ इंची चाकं बसतात. म्हणजे एका बाजूला ५ सेंटीमीटर. कारखान्याच्या दीड बोटापुढे ही चांगली तीन बोटं. मुद्दा असा, की त्या तीन बोटांखाली तेवढाच रुंद टायर असतो. कमान आणि चाक एकाच हाताने, एकाच मापाने आखलेली असतात.

बव्हेरियातल्या ब्रांट गावची मॅन्सोरी याच धंद्यातली, पण तिची ओढ कार्बनकडे. कार्बनची कमान घडताना पाहणं म्हणजे एक अनुभव आहे. रेझिन आधीच मुरवलेलं कार्बनचं कापड फ्रीझरमध्ये ठेवलेलं असतं, नाहीतर ते आपोआप घट्ट व्हायला लागतं. ते बाहेर काढायचं, कापायचं, साच्यात एकावर एक थर असे बसवायचे की विणीची तिरपी रेघ कुठे तुटू नये. कमानीच्या वळणावर कापड ताणलं जातं आणि वीण वाकडी होते, म्हणून तिथे जाणत्याचाच हात लागतो. मग सगळं पिशवीत बंद करून आतली हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या भट्टीत, शिजवतात. निघालेली कमान हातात घेतली तर वजन जाणवतच नाही. आपल्याकडच्या फायबरच्या कामात साच्याला मेण, त्यावर जेलकोट, मग काचतंतूंची मॅट आणि ब्रशने रेझिन. हे काम स्वस्त आणि वजनाला जड, पण चांगल्या कारागिराच्या हातचं असेल तर मुळीच हिणकस नाही. हिणकस ठरते ती घाई. मॅटमध्ये हवेचे बुडबुडे राहिले की वर्षभराच्या उन्हात रंगावर फोड येतात.

कमान बसते कशी, ते एकदा जवळून बघावं. पुण्यातल्या एका गॅरेजात काळी फॉर्च्युनर उभी होती आणि मिस्त्री पुढच्या डाव्या चाकापाशी बसला होता. शेजारी चार नव्या कमानी, एबीएस प्लास्टिकच्या, रंग मारून आणलेल्या. पहिल्यांदा त्याने नुसतीच लावून बघितली, मास्किंग टेपचे चार तुकडे मारून. मग लांब जाऊन दोन डोळ्यांनी, जवळ येऊन बोटाने. बोट कमानीच्या वरच्या कडेवरून फिरवत नेलं, दाराच्या अलीकडे थांबलं. तिथे फट होती, जेमतेम नख शिरेल एवढी. कमान उतरवून त्याने हीटगनने तेवढाच भाग ऊबवला, हाताने जरासा वाकवला, धरून ठेवला, गार होऊ दिला, पुन्हा लावला. फट गेली. मालक शेजारी उभे होते. मिस्त्रीने विचारलं, “साहेब, टेपवर बसवू का भोक पाडू?”

या एका प्रश्नावर कमानीचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. टेपवर बसवायची तर पत्रा स्पिरिटने पुसायचा, प्रायमर लावायचा, दुहेरी टेपचा कागद थोडा थोडा ओढत मधून कडेकडे दाबत जायचं आणि २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. पत्र्याला इजा होत नाही, पण उन्हातान्हात वर्षं गेली की टेप दगा देऊ शकते. भोक पाडलं तर पकड पक्की, पण ज्या क्षणी ड्रिल पत्र्यात शिरलं त्या क्षणी कारखान्याने दिलेलं गंजापासूनचं संरक्षण तिथे संपलं. भोकाच्या कडेला प्रायमर आणि मेण लावलं नाही, तर पहिल्या पावसाळ्यात पाणी तिथेच मुक्काम करतं. कमानीची खोड हीच. चिखल ती बाहेर उडू देत नाही आणि थोडा स्वतःपाशी धरून ठेवते. जुन्या जी-वॅगन विकत घेणारे जाणकार पहिला हात कमानीच्या आतल्या कडेला घालतात ते याचसाठी. बाहेर रंग चकचकीत असतो आणि आत पत्र्याचा भुगा झालेला असतो. ती दोष झाकते, बरेच दिवस झाकते, आणि सांगते तेव्हा उशीर झालेला असतो. तिच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की दोन-तीन महिन्यांतून एकदा पाइप धरून आतून धुतलं, तर ती असलं काही करत नाही. आणि पार्किंगच्या खांबाला पहिली घासते तीच. दार आणि फेंडर वाचतात.

मिस्त्रीने टेपवर बसवली. छान बसली. चारही झाल्यावर मालक गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, “आता चाकं आत गेल्यासारखी दिसतायत.” मिस्त्रीने मान हलवली आणि आतून स्पेसर आणले. ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या, हब आणि चाकाच्या मध्ये घालायच्या, म्हणजे चाक बाहेर येतं.

मला वाईट वाटतं ते नेमकं इथे. कमान आधी आली आणि चाकाला तिच्यामागे ओढत नेलं. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, कारण वजन तेच आणि तरफ लांब. स्टिअरिंगवर प्रत्येक खड्डा हाताला लागेल एवढा जाणवायला लागतो. स्टड पुरेसे लांब नसतील, नट पुरते बसले नसतील, तर पुढचं मी लिहीत नाही. जिचा जन्म चाकाची पाठराखण करायला झाला, तिच्यापायी चाकच धोक्यात येतं. यात तिचा काही दोष नाही. तिला तिच्या मापाचं चाक दिलं असतं, तर तिने ते इमानाने सांभाळलं असतं.

तिच्या नावावर खपणाऱ्या खोट्या गोष्टींचाही मला राग येतो. बाजारात ‘पॉकेट स्टाइल’ म्हणून कमानी मिळतात, कडेला खळगे आणि खळग्यांत बोल्टची डोकी. यातली बरीच डोकी कशालाच धरत नाहीत, वरून चिकटवलेली असतात. शर्यतीच्या मेकॅनिकने रात्री दोन वाजता ठोकलेल्या रिव्हेटची ती नक्कल आहे आणि ज्याची नक्कल करायची त्याचं कामच त्यातून काढून घेतलं आहे. कमानीच्या मागे जाळीदार खिडकी असते, हवा जावी म्हणून. बोट घाला, आत प्लास्टिकची भिंत लागते. एवढ्या किमतीच्या गाडीवर, एवढ्या हौसेने, बंद खिडकी कशाला लावायची? खरी खिडकी कापली तर ब्रेकची गरम हवा बाहेर जायला वाट मिळते. काम थोडं वाढतं, साचा थोडा महाग पडतो. पण तेवढं करणारे आहेत आणि ओळखूही येतात.

कमानीची ताकद किती, ते बघायला जपानात जायला हवं. तिथे ६६० सीसीच्या छोट्या केई गाड्यांना करात आणि इतर खर्चात सवलती मिळतात, पण लांबी ३.४० आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत असावी लागते. सुझुकीची जिम्नी २०१८ मध्ये नव्या रूपात आली ती दोन प्रकारांत. केई जिम्नीची रुंदी १४७५ मिलिमीटर, जिम्नी सिएराची १६४५. मुख्य अंग दोघींचं एकच. सिएराची चाकं बाहेर आहेत आणि त्यांच्यावर काळ्या कमानी आहेत. नुसत्या या रुंदीनेही गाडी सरकारदप्तरी केईच्या चौकटीबाहेर जाते. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी १६४५ मिलिमीटरची, कमानीवाली.

जपानच्याच डॅम्ड या कंपनीने या जिम्नीसाठी ‘लिटल जी’ नावाचा संच काढला. पुढची जाळी, बंपर, बॉनेट असं काही बदललं की चिमुकली जिम्नी लांबून जी-वॅगन वाटते. ती चांगली जमते, याचं श्रेय मी जिम्नीलाच देतो. तीही शिडीच्या चौकटीवरची, सपाट कुशीची, डोंगर चढणारी. तिला हे रूप परकं पडत नाही. आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाचंही तसंच. चौकोनी अंग, काळ्या कमानी, आणि इंजिनाचा वंश मर्सिडीजचा. गुरखाला जी-वॅगनचा साज चढवणारे कारागीर आपल्या देशात आहेत, आणि त्यातलं बरंचसं काम हातानं पत्रा आणि फायबर घडवून केलेलं असतं. कोट्यवधींची गाडी परवडणार नाही, पण आपल्या गावातल्या माणसाच्या हाताने आपल्या गाडीचं रूप घडवून घेता येईल, या इच्छेबद्दल मला आदरच आहे.

कायदा मात्र आपल्याकडे कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरबदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्राने गाडीच्या तोंडावरचे लोखंडी बुलबार काढायला राज्यांना सांगितलं, आणि ते योग्यच झालं. पादचाऱ्याच्या छातीवर जाणारा तो दांडा आणि चाकावरची कड या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. जर्मनीत अशा भागाला तज्ज्ञांच्या तपासणीचा कागद लागतो. कोणती कमान, कोणत्या मॉडेलवर, कोणत्या मापाच्या चाकाबरोबर, हे त्यात लिहिलेलं असतं आणि टीयूव्हीसारख्या संस्थेचा माणूस गाडी बघून शिक्का मारतो. तशी वाट आपल्याकडे सरळ आणि मोकळी असावी, असं मला तळमळीने वाटतं. स्पेसरचा जोडधंदा आपोआप आटेल आणि चांगल्या कारागिराला चोरासारखं काम करावं लागणार नाही. तोवर ज्याला कमान बदलायची आहे त्याने आधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

२०२४ मध्ये जी-वॅगन विजेवर आली, जी ५८० म्हणून. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार, पोटात ११६ किलोवॉट-अवरची बॅटरी, वजन तीन टनांच्या वर. भारतात ती २०२५ च्या जानेवारीत तीन कोटींना आली. चौकोनी गाडी म्हणजे वाऱ्याशी रोजची कुस्ती, आणि विजेच्या गाडीत त्या कुस्तीची किंमत किलोमीटरांत मोजावी लागते. अभियंत्यांना चौकोन मोडायचा नव्हता. त्यांनी बॉनेट थोडं उचललं, पुढच्या खांबाला आणि छपराच्या कडेला छोटी पट्टी दिली आणि मागच्या कमानीत एक उभी फट ठेवली. समोरून आलेली हवा त्या फटीतून आत शिरते आणि चाकाच्या बाहेरून पडद्यासारखी सरकते, म्हणजे चाकापाशी भोवरे कमी उठतात. फटीत बोट घातलं तर आरपार जातं. या गाडीसाठी रुंद संच बनवणाऱ्यांना आता टायरच्या जोडीने वाऱ्याचंही माप घ्यावं लागेल, कारण वरून नुसती रुंद कड चिकटवली तर ही वाट बुजेल आणि मालकाला ते बॅटरीच्या आकड्यात दिसेल.